विश्लेषण : कामावर जखमी झालेल्यांना सरकारी समितीत जागा कधी मिळणार?

रेल्वेच्या फलकावर वडसा आणि नगर परिषदेच्या पाटीवर देसाईगंज अशी दोन नावे मिरवणारे हे गाव धानाचे, राइस मिलचे आणि झाडीपट्टी नाटक मंडळांच्या कार्यालयांचे. इथे काम करताना एखाद्याचा हात मनगटापासून गेला तर त्याला मदत कोण देणार? हात मिलच्या पट्ट्यात गेला, इमारतीच्या कामावर गेला, स्वतःच्या शेतातल्या मळणी यंत्रात गेला की जंगलात वाघाच्या हल्ल्यात गेला, यावर त्याचे उत्तर बदलते. कार्यालय बदलते, अर्ज बदलतो आणि रक्कमही बदलते. हे सगळे उंबरठे झिजवणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे जखमी कामगार. मात्र कामगारांच्या सुरक्षेबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या समित्यांत त्याच्यासाठी राखीव जागा नाही. नव्या कामगार संहिता लागू झाल्यानंतर ही जागा देण्याची संधी राज्याकडे आली आहे. ती नेमकी काय आहे, अशी समिती चालवायची कशी आणि तोपर्यंत जखमीने काय करावे, याचा हा आढावा.

एक जखम, किती कार्यालये?

राइस मिलमधील कामगार जखमी झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे. आस्थापना कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर मालकाऐवजी विमा महामंडळ लाभ देते. पोती वाहणारा हमाल माथाडी मंडळाकडे नोंदलेला असेल, तर त्याच्या फाइलमध्ये आणखी एक कार्यालय येते.

बांधकामावरील मजुराला ठेकेदाराकडून मिळणाऱ्या भरपाईव्यतिरिक्त महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची मदत आहे. कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख रुपये, तर ७५ टक्के किंवा त्याहून अधिक कायमचे अपंगत्व आल्यास २ लाख रुपये. पण त्यासाठी मंडळाकडे नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा.

स्वतःच्या शेतात अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये. इथे दार कृषी विभागाचे.

वडसा वनविभागात तर ‘कामाची जागा’ या शब्दाचा अर्थच वेगळा होतो. ‘सीटी-१’ नावाने ओळखला गेलेला वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा परिसरात जेरबंद झाला, तोवर गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत १३ मृत्यूंचा ठपका त्याच्यावर होता. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात १० मे २०२५ रोजी तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. तेंदूपाने तोडणे ही मजुरीच. तरीही असा मृत्यू कामगार खात्याच्या नोंदीत ‘कामावरील अपघात’ म्हणून येत नाही, तो वनविभागाच्या नोंदीत येतो. राज्याच्या २०२३ च्या निर्णयानुसार वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास २५ लाख, कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाख आणि गंभीर जखमीला ५ लाख रुपये मिळतात.

आणि झाडीपट्टीचे काय? दिवाळीनंतर सुरू होणारा नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. कलावंत, वादक, प्रकाशयोजना आणि पडदे सांभाळणारे कामगार रात्री एका गावात खेळ करतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावची वाट धरतात. खांबावर चढून दिवे बांधणारा मुलगा खाली पडला तर त्याचा मालक कोण? नाटक मंडळ, दिवे भाड्याने देणारा, की खेळ ठेवणारे गावचे आयोजक मंडळ? भरपाईचा अर्ज लिहायला बसल्यावर पहिल्याच ओळीत हा प्रश्न आडवा येतो.

भरपाईची रक्कम ठरते कशी?

सूत्र कायद्यातच दिले आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि पूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. अंशतः अपंगत्व असेल, तर परिशिष्टात दिलेल्या टक्केवारीइतका हिस्सा मिळतो. मनगटापासून हात गमावल्यास कमाईची क्षमता ६० टक्के घटली असे परिशिष्ट मानते. अंगठ्यासाठी हे प्रमाण ३० टक्के, एका डोळ्यासाठी (दुसरा शाबूत असल्यास) ४० टक्के आहे.

समजा, मिलमधील कामगाराचे वय ३० आणि मासिक वेतन १२,००० रुपये आहे. वेतनाचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. तिशीचा गुणक २०७.९८. गुणाकार होतो १४,९७,४५६ रुपये. त्याचे ६० टक्के म्हणजे सुमारे ८ लाख ९८ हजार रुपये. तोच हात त्याच माणसाने रविवारी स्वतःच्या धानाच्या बांधीवर मळणी करताना गमावला, तर शेतकरी अपघात योजनेतून १ लाख रुपये.

कागदावरचे सूत्र स्वच्छ आहे. अडचण असते ती त्यात भरायच्या आकड्यांची. वेतनाची पावती नसते, हजेरीपत्रकात नाव नसते, रुग्णालयाच्या कागदावर अपघात कामावर झाल्याची नोंद नसते. भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात मालकाने रक्कम दिली नाही, तर १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड लावण्याची तरतूद १९२३ च्या कायद्यातच आहे. पण ती लागू करून घ्यायला आधी ‘हा आमचा कामगार’ हे सिद्ध व्हावे लागते.

सल्लागार समित्यांत सध्या कोण बसते?

ही परंपरा जुनी आहे आणि तिच्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. भरपाईचा कायदा झाला त्या काळात केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडायला नारायण मल्हार जोशी होते. हा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत असतानाच्या काळात, म्हणजे १९४२ पासून, सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदांची घडी बसली. कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे देण्यात आले. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला.

तेव्हापासून तीन बाजूंचा हा साचा जवळपास प्रत्येक कामगार कायद्यात दिसतो. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्यात सल्लागार समिती आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात केंद्रीय आणि राज्य सल्लागार समित्या होत्या. विमा महामंडळाच्या रचनेत प्रादेशिक मंडळे आणि स्थानिक समित्या आहेत. कोळसा खाणींत सुरक्षा समित्या आणि कामगार निरीक्षक आहेत. या सगळ्यांत अधिकारी, मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी असतात, काही ठिकाणी तज्ज्ञ किंवा आमदारही असतात. अपघातात हात गमावलेला कामगार किंवा नवरा गमावलेली बाई यांच्यासाठी कायद्याने राखलेली जागा मात्र यांत दिसत नाही. कुणी असलाच, तर तो संघटनेचा पदाधिकारी म्हणून आलेला असतो.

नव्या संहितेने काय बदलले?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कारखाने, खाणी, बांधकाम यांसह १३ कायदे ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२०’ मध्ये सामावले गेले. भरपाई आणि राज्य विमा यांसह नऊ कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले. ‘भरपाई आयुक्त’ हे पद जाऊन ‘सक्षम प्राधिकारी’ आला.

सुरक्षा संहितेच्या कलम १६ मध्ये राष्ट्रीय आणि कलम १७ मध्ये राज्य व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य सल्लागार मंडळाची तरतूद आहे. राष्ट्रीय मंडळावर कोण असेल हे संहितेतच लिहिले आहे : अधिकारी, मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी, व्यावसायिक संस्था आणि नामवंत तज्ज्ञ. राज्य मंडळाची रचना मात्र राज्य सरकारने नियमांतून ठरवायची आहे. शिवाय मंडळाला मदत करण्यासाठी तांत्रिक किंवा सल्लागार समित्या नेमण्याची मुभाही राज्याला आहे. म्हणजे जखमी कामगार आणि मृतांच्या कुटुंबीयांची सल्लागार समिती नेमण्यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. राज्याचा नियम किंवा शासन निर्णय त्यासाठी पुरेसा ठरू शकतो.

संहितेने जखमीची दखल दुसऱ्या एका ठिकाणी घेतली आहे. मालकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाली आणि न्यायालयाने दंड केला, तर त्या दंडाच्या किमान ५० टक्के रक्कम पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. खटल्यात पीडिताचा विचार झाला, पण धोरण ठरवताना तो अजून बाहेरच आहे.

वडशासारख्या गावांना आणखी एक बदल भिडतो. संहितेत ‘कारखाना’ होण्यासाठी वीज वापरत असल्यास २० आणि नसल्यास ४० कामगारांची अट आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती साधारण कारखान्यात ५०० कामगारांपासून पुढे. बारा-पंधरा माणसांवर चालणारी मिल कारखान्याच्या व्याख्येतच येत नाही, मग तिथे सुरक्षा अधिकारी कुठून येणार? तिथला धोका कुणी सांगायचा, तर तो सोसलेल्यानेच.

संघटनेचा प्रतिनिधी पुरेसा नाही का?

संघटनेचा प्रतिनिधी गरजेचा आहेच. वेतन, कामाचे तास, नोकरीची हमी यांवर तोच बोलू शकतो. पण त्याच्या पाठीशी असतात ते सध्या कामावर असलेले सभासद. जखमी माणूस कामावरून गेला की अनेकदा सभासदत्वही जाते. शिवाय तेंदूपाने तोडणाऱ्या बाईची, गावोगावी फिरणाऱ्या प्रकाशयोजनाकाराची किंवा दहा माणसांच्या मिलमधील हमालाची संघटना असतेच असे नाही.

दुसरे कारण अनुभवाचे आहे. अपघातानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत काय घडते, हे आकडेवारीत उतरत नाही. रुग्णालयात कोण घेऊन गेले, तिथे अपघाताचे कारण काय लिहिले, मालकाच्या माणसाने कोणत्या कागदावर अंगठा घेतला, पोलिसांकडे नोंद झाली की नाही, औषधाचे पैसे ‘उचल’ म्हणून पुढे मजुरीतून कापले का. पुढची सगळी भरपाई या चोवीस तासांवर अवलंबून असते आणि या तासांची खरी माहिती फक्त जखमीला आणि त्याच्या घरच्यांना असते.

तिसरे कारण असे की मोठ्या दुर्घटनेची चौकशी होते, एकट्याच्या अपघाताची क्वचितच. भंडारा येथील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ जणांचा मृत्यू झाला. नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ जण दगावले. अशा घटनांनंतर मंत्री येतात, चौकशी लागते, मदत जाहीर होते. पण जगभरात कामामुळे दरवर्षी होणाऱ्या जवळपास ३० लाख मृत्यूंचा जो अंदाज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये मांडला, त्यातील बहुतांश मृत्यू आजारांनी, एकेकट्याचे, बातमी न होणारे आहेत. त्याच अंदाजानुसार मृत्यू न येता होणाऱ्या दुखापतींची संख्या वर्षाला ३९ कोटींहून अधिक आहे.

असा प्रयोग इतरत्र झाला आहे का?

ऑस्ट्रेलियातील दोन राज्यांनी तो कायद्यात आणला. क्वीन्सलँडमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिस्बेनमधील ईगल फार्म येथील बांधकामावर दोन कामगार ठार झाले आणि त्याच महिन्यात ड्रीमवर्ल्ड या करमणूक उद्यानात चार पर्यटकांचा बळी गेला. त्यानंतर झालेल्या फेरआढाव्यातून २०१७ मध्ये मालकाच्या घोर निष्काळजीपणामुळे होणारा मृत्यू हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याच बरोबर कामावरील मृत्यू व गंभीर अपघातांची झळ बसलेल्यांची सल्लागार समिती कायद्याने स्थापन झाली. व्हिक्टोरिया राज्यानेही असाच गुन्हा १ जुलै २०२० पासून लागू केला आणि बाधित कुटुंबीयांच्या समितीला कायद्यात स्थान दिले. या समित्या कोणत्याही एका प्रकरणाचा निवाडा करत नाहीत. कुटुंबाला माहिती कधी आणि कशी द्यावी, चौकशीची प्रगती कळवावी कशी, मानसिक आधार कोणी द्यावा, कायद्यात काय सुधारावे, यावर त्या थेट मंत्र्यांना सल्ला देतात.

आपल्याकडेही ही कल्पना अनोळखी नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये राज्य सल्लागार मंडळावर खुद्द दिव्यांग व्यक्तींना सदस्य करण्याची तरतूद आहे आणि जिल्हास्तरीय समितीचीही. ज्याच्याविषयी निर्णय त्याला समितीत जागा, हे तत्त्व कायद्याने तिथे मान्य केले आहे. कामावर हात गमावणारा माणूस त्या कायद्याच्या नजरेत दिव्यांग म्हणून सल्ला देऊ शकतो, पण ज्या यंत्राने हात नेला त्याबद्दल सल्ला देण्याची जागा त्याला नाही.

गडचिरोलीचे स्वतःचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. वनहक्क कायद्यात ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते आणि त्यात किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. त्यामागे वर्षानुवर्षे चाललेले अभ्यासगट आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त होती. कागद समजून घेऊन मग बैठकीत बोलायचे, ही सवय या जिल्ह्याला नवी नाही.

समन्वय म्हणजे नेमके काय करायचे?

समिती स्थापन करणे हा एका दिवसाचा शासन निर्णय. ती चालवणे हे रोजचे काम, आणि ते सदस्य सचिवाच्या टेबलावर असते. इथे सर्वसाधारण सरकारी पद्धत पुरत नाही, कारण या समितीचे सदस्य पगारी नसतात, अनेकदा औषधोपचारांवर असतात आणि त्यांचे पोट त्या दिवसाच्या मजुरीवर असते.

निवड : फक्त शहरातील, बोलके, संघटनेच्या ओळखीचे सदस्य घेतले की समिती तिथेच संपते. राइस मिल, बांधकाम, खाण, जंगल आणि शेती अशा प्रत्येक क्षेत्रातून माणूस हवा. जखमी कामगार हवेत, तसेच मृतांच्या पत्नी आणि आईवडीलही हवेत. धुळीने फुप्फुसे गेलेल्यांचाही त्यात समावेश हवा, कारण आजाराला अपघाताची तारीख नसते. मुदत ठरलेली असावी, म्हणजे तीच तीच नावे वर्षानुवर्षे राहणार नाहीत.

तारीख आणि ठिकाण : धान कापणीच्या दिवसांत किंवा मे महिन्यातील तेंदू हंगामात बैठक ठेवली तर खुर्च्या रिकाम्याच राहणार. मुंबई-नागपुरातील बैठकीला कोरची किंवा एटापल्लीच्या माणसाचे दोन दिवस जातात. वडसा हे रेल्वेने जोडलेले गाव आहे. आळीपाळीने अशा ठिकाणी बैठक घेणे अवघड नाही.

खर्च : प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च बैठकीच्या दिवशीच हातात पडला पाहिजे. ‘देयक मंजुरीसाठी सादर’ असे उत्तर मिळालेला सदस्य पुढच्या बैठकीला येत नाही.

भाषा : विषयपत्रिका बैठकीच्या दोन आठवडे आधी आणि सोप्या मराठीत. ज्याला वाचता येत नाही त्याला फोनवर वाचून दाखवावी. गोंडी, माडिया किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या सदस्यासाठी दुभाषी असावा. बैठकीची खोली तळमजल्यावर असावी, हेही सचिवानेच पाहायचे.

आठवणींचा भार : प्रत्येक बैठकीत ‘तुमचे काय झाले ते सांगा’ म्हणून सुरुवात करणे निर्दयपणाचे आहे. सदस्याचा अनुभव एकदा, त्याच्या संमतीने, नीट नोंदवावा. पुढे तो सल्लागार म्हणून बोलेल, साक्षीदार म्हणून नाही. नाव आणि गाव बाहेर जाऊ न देणे हीदेखील समन्वयकाचीच जबाबदारी, कारण कुटुंबातील दुसरा माणूस कदाचित त्याच मालकाकडे कामावर असतो.

प्रकरण वेगळे, धोरण वेगळे : सदस्याची स्वतःची भरपाई अडलेली असेल तर तो तीच मांडणार आणि त्यात गैर काही नाही. पण बैठक तेवढ्यातच संपू नये यासाठी बाजूला एक मदत कक्ष हवा. प्रकरणे तिथे नोंदवायची आणि त्यांतून वारंवार दिसणारा दोष समितीपुढे ठेवायचा.

कार्यवाही अहवाल : प्रत्येक शिफारशीपुढे चार रकाने असावेत. स्वीकारली की नाकारली, नाकारली तर कारण, कोणत्या विभागाकडे गेली आणि कधीपर्यंत होणार. पुढच्या बैठकीचा पहिला विषय हाच. इतिवृत्त संकेतस्थळावर टाकले तर माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याची वेळच येणार नाही.

अशी समिती सल्ला तरी काय देईल?

वडशाच्याच उदाहरणावरून काही गोष्टी सुचतात. तालुक्याच्या रुग्णालयात जखमी आला की ‘अपघात कामावर झाला का, कुणाकडे’ हे दोन प्रश्न केसपेपरवर छापलेलेच असावेत. मालकाने कामगार खात्याकडे पाठवलेल्या अपघाताच्या सूचनेची प्रत जखमीलाही मिळावी. वनविभाग, कृषी विभाग, कामगार विभाग आणि बांधकाम मंडळ यांच्यासाठी पहिला अर्ज एकच असावा आणि तो कोणत्याही दारात स्वीकारला जावा. अपंगत्व तपासणीचे शिबिर तालुक्याच्या ठिकाणी व्हावे. कारखान्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या मिलमधील पट्ट्यांना जाळी आहे की नाही, हे पाहण्याचे काम कुणाकडे तरी सोपवावे. यातील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

जिल्ह्याचे चित्रही झपाट्याने बदलते आहे. सुरजागडच्या लोहखाणी, कोनसरीचा पोलाद प्रकल्प आणि वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचे काम यांमुळे शेत आणि जंगलातून थेट यंत्राशेजारी आलेल्या कामगारांची संख्या वाढते आहे. यंत्रणा उद्योगांच्या आधी उभी राहिली तर बरे, असे अनुभवी माणसे सांगतात ते यासाठीच.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप : समित्या आधीच उदंड आहेत, आणखी एक कशाला? तो खोटा नाही. बांधकाम कामगारांसाठी गोळा झालेला उपकर वर्षानुवर्षे पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात सरकारांना सुनावले होते. तेव्हाही कायद्यात मंडळे आणि समित्या होत्याच. म्हणूनच वर्षाला किमान किती बैठका आणि शिफारशीला किती दिवसांत उत्तर, हे नियमातच लिहिलेले असावे लागेल.

दुसरा आक्षेप : दुःखी माणसे भावनेच्या भरात अवास्तव मागण्या करतील. प्रत्यक्षात जखमी कुटुंबांच्या मागण्या अनेकदा साध्या असतात. आम्हाला वेळेवर कळवा, खरे काय घडले ते सांगा आणि पुन्हा असे कुणाचे होऊ देऊ नका. तिसरा आक्षेप मालकांचा : समिती त्यांच्याविरोधात न्यायालय बनेल. निवाड्याचा अधिकार न देता फक्त सल्ल्याचा अधिकार दिला, तर ही भीती उरत नाही.

तोपर्यंत जखमीने काय करावे?

समिती येईल तेव्हा येईल. आज अपघात झाला तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर ‘काम करताना अपघात’ असे लिहिले आहे का ते पाहावे. प्रत जपून ठेवावी.
• मालकाला लेखी कळवावे. मोबाइलवरचा संदेशही चालेल, पण तो पुसू नये. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.
• हजेरी, मजुरी, बँकेत जमा झालेले पैसे, कामाच्या जागेवरील छायाचित्रे आणि सोबत्यांची नावे असा प्रत्येक पुरावा एकत्र ठेवावा.
• १९२३ च्या कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. ‘मालक देतो म्हणाला’ या भरवशावर ती जाऊ देऊ नये.
• कामावर जाताना किंवा परतताना अपघात झाला तरी दावा सोडू नये. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक रखवालदार कामावर जाताना दगावला होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. वेळ, ठिकाण आणि काम यांचा संबंध सिद्ध झाल्यास असा अपघातही कामावरचाच मानला जातो.
• वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि औद्योगिक आपत्तीचे बळी यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. मदतवाहिनी क्रमांक १५१००.
• बांधकामावर काम करत असाल तर मंडळाची नोंदणी आणि तिचे नूतनीकरण आजच तपासावे. अपघातानंतर केलेली नोंदणी कामाची नाही.

यातील प्रत्येक सूचना कुणाच्या तरी चुकलेल्या कागदातून, हुकलेल्या तारखेतून आलेली आहे. हे शहाणपण आज जखमी माणसांकडे विखुरलेले पडले आहे. राज्य मंडळाचे नियम आणि समित्या ठरवताना त्यांच्यासाठी चार खुर्च्या राखल्या, तर पुढच्या वेळी मनगट गमावलेल्या माणसाला निदान कोणत्या दारात उभे राहायचे, हे तरी विचारत फिरावे लागणार नाही.